रुपयाचा सोळावा हिस्सा : शब्दकोड्यातील अपूर्णांक आणि त्यांमागचा इतिहास

१/
मालेगावच्या कॅम्प भागातील एका घरात रविवारची सकाळ वर्तमानपत्राच्या पुरवणीने सुरू होते. सत्तरी ओलांडलेले आबा आणि कनिष्ठ महाविद्यालयात शिकणारी त्यांची नात शब्दकोडे घेऊन बसतात. पेन्सिल नातीच्या हाती, चष्मा आबांच्या नाकावर. त्या रविवारी कोडे जवळजवळ पुरे झाले होते. अडले ते एका शब्दापाशी. संकेत होता : ‘पीक किती उतरले, याचा जुना हिशेब (४)’. पहिल्या घरात ‘आ’ आणि शेवटच्या घरात ‘री’ आलेले होते. नातीने ‘आसावरी’ लिहून पाहिले. घरे भरली, पण राग आणि पीक यांचा मेळ बसेना. आबांना उत्तर ठाऊक होते. ते मात्र बोलले नाहीत.

हा धागा त्या चार घरांविषयी आहे, आणि मराठी शब्दकोड्यांत पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या ‘हिस्सा’, ‘भाग’, ‘अंश’ या संकेतांविषयीही.

२/
आधी कोड्याविषयी थोडे. आडव्या-उभ्या शब्दांच्या आधुनिक कोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ रोजी झाला असे मानतात. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या अंकात आर्थर विन यांनी चौकटीऐवजी शंकरपाळ्याच्या आकाराचे एक कोडे छापले. पुढे हा खेळ जगभर गेला आणि प्रत्येक भाषेने त्याला आपले वळण दिले. इंग्रजीत एका घरात एक वर्ण बसतो. मराठीत एका घरात एक अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसह. जोडाक्षरालाही एकच घर मिळते. म्हणून ‘सप्तशृंगी’ हा शब्द उच्चारायला भारदस्त असला, तरी कोड्यात तो चारच घरांचा : स, प्त, शृं, गी.

३/
हिस्स्यांचे संकेत दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात शब्दाचाच तुकडा करायचा असतो. मालेगावच्या आसपासची गावे यासाठी मोठी सोयीची आहेत. ‘अर्धे मालेगाव म्हणजे वस्ती (२)’ याचे उत्तर ‘गाव’. ‘अर्धे चांदवड आकाशात, अर्धे पारावर’ म्हणजे ‘चांद’ आणि ‘वड’. ‘मनमाडचा पहिला अर्धा भाग कोणाला दिसत नाही, दुसरा कोकणात दिसतो’ म्हणजे ‘मन’ आणि ‘माड’. येथे अक्षरे मोजली की काम झाले. इतिहासाची गरज नाही.

दुसऱ्या प्रकारात वस्तूचा हिस्सा विचारतात. ‘रुपयाचा सोळावा हिस्सा (२)’. ‘एकराचा चाळिसावा भाग (२)’. ‘घटकेचा साठावा अंश (२)’. येथे अक्षरे मोजून भागत नाही. एखादा समाज आपला पैसा, धान्य, जमीन आणि वेळ कसा वाटून घेत होता, हे ठाऊक असावे लागते.

४/
अशा संकेतांची किल्ली छेदात असते. छेद पाहिला की मोजमापाची पद्धत कळते, आणि पद्धत कळली की शब्द जवळ येतो.

सोळा दिसले तर रुपया-आणा किंवा शेर-छटाक.
बारा दिसले तर तोळा-मासा किंवा आणा-पै.
आठ दिसले तर मासा-गुंज किंवा अहोरात्र-प्रहर.
चाळीस दिसले तर मण-शेर किंवा एकर-गुंठा.
साठ दिसले तर अहोरात्र-घटका किंवा घटका-पळ.

मग घरे मोजावीत. ‘शेराचा सोळावा भाग’ तीन घरांत मागितला असेल तर ‘छटाक’. ‘माशाचा आठवा भाग’ दोन घरांत असेल तर ‘गुंज’. मासा हा पाण्यातला नव्हे, सोनाराच्या तराजूतला. कोडेकार येथेच सोडवणाऱ्याला चकवतात.

५/
या छेदांत एक गोष्ट लक्षात येते. दहा फारसा कोठे नाही. सोळा, बारा, आठ, चाळीस, साठ या संख्यांचे निम्मे आणि पाव सरळ निघतात. दहाचा पाव काढायला गेले की अडीच येतात. सोळाचे मात्र निम्मे आठ, पाव चार, त्याचे निम्मे दोन, मग एक. तराजूच्या दोन पारड्यांत धान्य सारखे करीत गेले की हेच हिस्से हाती लागतात. वेगळे गणित करावे लागत नाही. बाराचे तिसरे हिस्सेही सरळ पडतात. म्हणजे हे आकडे लहरीने निवडलेले नव्हते. बाजारात उभ्या असलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही वाटणी करता यावी, अशी ती सोय होती.

६/
ही सोय किती जुनी? मालेगावच्या पूर्वेला चाळीसगाव आहे, आणि त्या तालुक्यात पाटणादेवीचे स्थान. तेथे इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याची ही नोंद. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’च्या आरंभीच मापांची कोष्टके येतात : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. नाण्यांची नावे बदलली, राज्ये बदलली. सोळावा हिस्सा मात्र रुपया-आण्याच्या रूपाने विसाव्या शतकापर्यंत टिकला.

७/
‘लीलावती’त हिस्स्यांची कोडीही आहेत. त्यांतले एक भुंग्यांचे. थव्याचा पाचवा हिस्सा एका झाडावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, आणि या दोन हिस्स्यांतील फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्यावर. एक भुंगा मागे राहिला, तो हवेतच घिरट्या घालतो आहे. तर एकूण भुंगे किती?

पंधरा हा छेद घ्यावा. पाचवा हिस्सा म्हणजे पंधरापैकी तीन, तिसरा हिस्सा म्हणजे पाच. फरक दोन, त्याची तिप्पट सहा. बेरीज चौदा. उरला तो पंधरावा हिस्सा, आणि तो एक भुंगा आहे. म्हणून थवा पंधराचा.

या कोड्याची युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गेलेले हिस्से कितीही गुंतागुंतीचे असोत. पूर्णाचा पत्ता शेवटी मागे उरलेल्यावरून लागतो.

८/
आता अपूर्णांकांच्या नावांकडे वळू. मराठीत सव्वा, दीड, अडीच, पाऊण यांना स्वतंत्र शब्द आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटात एक लहान गणित आहे. सव्वा म्हणजे सपाद, पावासह. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासह. पाऊण म्हणजे पादोन, पावाने कमी. ‘पाद’ म्हणजे पाय; चार पायांच्या जनावराचा एक पाय हा त्याचा चौथा भाग, म्हणून पाव. श्लोकाचा चौथा भागही याच हिशेबाने चरण ठरला. बेकरीतला पाव मात्र पोर्तुगीजांबरोबर आलेला वेगळा शब्द आहे. कोडेकारांना ही जुळणी फार आवडते.

दीड म्हणजे द्व्यर्ध : दुसरा अर्धा. अडीच म्हणजे अर्धतृतीय : तिसरा अर्धा. दोन पुरे झाले, तिसरा अर्ध्यावर आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे अडीच हा शब्द दोनावरून नव्हे, अजून पुऱ्या न झालेल्या तिनावरून बनला आहे.

९/
सम्राट अशोकाच्या लघुशिलालेखात दीड आणि अडीच या दोन्ही शब्दांचे पूर्वज सापडतात. आपण अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक आहोत, असे अशोक सांगतो तेव्हा शब्द येतो ‘अढतिय’. हा उद्योग दीडपट वाढेल, असे म्हणतो तेव्हा शब्द येतो ‘दियढिय’. भाजीवाल्याकडे अडीच किलो कांदे मागणारा मराठी माणूस सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राजशासनातला शब्द वापरीत असतो.

रोमन लोकांनीही असाच विचार केला होता. त्यांचे ‘सेस्टर्टियस’ हे नाणे मुळात अडीच ‘आस’ किमतीचे होते, आणि त्याच्या नावाची फोडही ‘तिसरा अर्धा’ अशीच होते. जर्मन भाषेत दीडसाठी ‘आंडरथाल्ब’ हा शब्द आहे. अर्थ तोच, दुसरा अर्धा.

१०/
याच माळेतला एक मणी आता विस्मरणात गेला आहे : औट. अर्धचतुर्थ म्हणजे चौथा अर्धा, अर्थात साडेतीन. पूर्वी मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकीत. सात साडेतीन किती, असे विचारल्यावर साडेचोवीस हे उत्तर कागदाविना यावे, ही अपेक्षा असे. कोड्यात ‘साडेतीनचा पाढा (३)’ आला की उत्तर ‘औटकी’.

‘औट घटकेचे राज्य’ हा वाक्प्रचार आजही ऐकू येतो. घटका म्हणजे अहोरात्राचा साठावा भाग, चोवीस मिनिटे. साडेतीन घटका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटे. क्षणभंगुर सत्तेला भाषेने असे नेमके माप लावले आहे.

११/
साडेतीनचे मराठी मनाला विशेष वेड. साडेतीन मुहूर्त, साडेतीन हातांचा देह, साडेतीन शक्तिपीठे. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठे. अर्धे पीठ नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगड. चैत्रात खानदेशातून पायी निघालेले भाविक त्या अर्ध्या पीठाकडे जातात, तेव्हा त्यांच्या श्रद्धेत काही अर्धे नसते.

पेशवाईत साडेतीन शहाणे प्रसिद्ध होते. पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण. अर्धे नाना फडणवीस, कारण त्यांच्याकडे मुत्सद्देगिरी होती, तलवार नव्हती, असे त्याचे कारण सांगतात. गंमत अशी की विठ्ठल सुंदर १७६३ च्या राक्षसभुवनच्या लढाईत मारला गेला, आणि हे अर्धे शहाणे १८०० पर्यंत राज्याचा गाडा हाकीत राहिले.

१२/
हिस्स्यांवर केवळ बाजार नव्हे, राज्येही चालली. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतला. मालेगावला लागून असलेला खानदेश हा त्या सहांपैकी एक सुभा.

शंभर रुपये महसूल धरला तर चौथाई पंचवीस. तिचेही हिस्से होत. त्यातला पाव म्हणजे सव्वासहा रुपये छत्रपतींची राजबाबती. उरलेला तीन-चतुर्थांश भाग मोकासा. चौथाईचे शेकडा सहा म्हणजे साहोत्रा, तो पंत सचिवांचा. शेकडा तीन नाडगौंडा, तो छत्रपतींनी मर्जीने द्यावयाचा. बाकी शेकडा सहासष्ट ऐन मोकासा, तो सरदारांचा. म्हणजे सव्वासहा, दीड, पाऊण आणि साडेसोळा. बेरीज बरोबर पंचवीस. या एका वाटणीत मराठी अपूर्णांकांची जवळजवळ सारी नावे येऊन गेली.

१३/
मोसम नदीकाठचा मालेगावचा भुईकोट याच सरदारी व्यवस्थेचे अपत्य. नारोशंकर राजेबहाद्दर याने तो १७४० च्या सुमारास उभारला. मे-जून १८१८ मध्ये इंग्रजांनी त्याला वेढा घातला. पेशवाई संपली होती, पण किल्ल्यातील अरब शिबंदी जवळजवळ महिनाभर लढत राहिली. शब्दकोडे सोडवणाऱ्यांना असा किल्ला म्हणजे अवयववाचक शब्दांचे कोठारच. तट, बुरूज, खंदक, जंग्या. आणि तटावरून चालण्याच्या वाटेला ‘फांजी’. ‘किल्ल्याचा भाग (२)’ एवढाच संकेत असेल, तर आडवे शब्द आल्याखेरीज पेन्सिल टेकवू नये.

गावातले यंत्रमागही असेच. ताणा, बाणा, धोटा, फणी. सुताचा ‘नंबर’ हे तर शुद्ध प्रमाणच. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी भरतील, तितका त्याचा नंबर. चाळीस नंबरचे एक पौंड सूत उलगडले तर ३३,६०० यार्ड, म्हणजे सुमारे तीस किलोमीटर लांब होईल. नंबर वाढला की सूत बारीक.

१४/
मग हे सोळा-बारा गेले कधी? १ एप्रिल १९५७ रोजी भारताने दशमान नाणेपद्धती स्वीकारली. त्या दिवसापर्यंत रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै होत असत. आता शंभर नवे पैसे होऊ लागले. चार आण्यांचे पंचवीस पैसे आणि आठ आण्यांचे पन्नास पैसे हे सरळ. एका आण्याचे मात्र सव्वासहा पैसे होतात, आणि पाव पैशाचे नाणे नव्हते. १९६४ मध्ये ‘नवा’ हे विशेषणही गळाले. वजनेमापेही याच काळात टप्प्याटप्प्याने मेट्रिक झाली.

जुने शब्द मात्र संपले नाहीत. सोनाराच्या दुकानात तोळा आहे, पण तो ११.६६ ग्रॅमचा न राहता दहा ग्रॅमचा झाला आहे. गुंठा आहे : तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर आले. आर सुमारे १,०७६ चौरस फुटांचा. दोन्ही एकच समजून वाटणी केली, तर दर गुंठ्यामागे तेरा चौरस फुटांची तफावत पडते. भावाभावांतल्या अबोल्याला तेवढीही पुरते.

१५/
एक योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. दशमान नाणी आल्यानंतर आठच दिवसांनी, ९ एप्रिल १९५७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांविषयी निकाल दिले. ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्‌स’ या नावाने स्पर्धा चालवणारे चमारबागवाला विरुद्ध मुंबई राज्य हे त्यांतले एक प्रकरण. प्रश्न असा होता की प्रवेशशुल्क घेऊन मोठी बक्षिसे देणारे कोडे हे कौशल्य की जुगार? अशा स्पर्धांत एका संकेताला दोन-तीन उत्तरे सारखीच बसत आणि संयोजकांनी आधी ठरवून ठेवलेले उत्तर तेवढे बरोबर धरले जाई. जेथे यश मुख्यतः नशिबावर, तेथे जुगार. जेथे खरे कौशल्य लागते, तेथे नाही, असा भेद न्यायालयाने केला.

‘आसावरी’ घरांत बसते, म्हणून ते उत्तर होत नाही. संकेताशी प्रामाणिक राहणे हेच कोड्यातले कौशल्य.

१६/
आता पुन्हा त्या चार घरांकडे. उभ्या शब्दाचा संकेत होता ‘रुपयाचा सोळावा हिस्सा (२)’. नातीने तो केव्हाच सोडवला होता : ‘आणा’. त्याच ‘आ’पासून आडवा शब्द सुरू होत होता. उत्तर होते ‘आणेवारी’.

पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. शेतात प्रत्यक्ष जे उतरले, ते सोळापैकी किती आणे, याचा अंदाज म्हणजे आणेवारी. या एका अपूर्णांकावर सरकारी देणे ठरे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांच्या आत असेल, तर त्या वर्षीच्या साऱ्याची वसुली पूर्ण तहकूब व्हावी, अशी तरतूद होती. मार्च १९१८ मध्ये गांधीजींच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या खेडा सत्याग्रहाचा वाद मुळात हाच होता. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी अंदाज म्हणे, वर आहे. शेत तेच, पीक तेच. मतभेद एका अपूर्णांकाचा.

१७/
नाणी दशमान झाली तशी आणेवारीची पैसेवारी झाली, आणि टंचाईची रेषा पन्नास पैसे ठरली. लोकांच्या तोंडी जुना शब्द राहिला. पुढे निकषही बदलले : पावसाची तूट, जमिनीतील ओलावा, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती असे अनेक घटक केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पुढे आणले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राज्यातील पंधरा जिल्ह्यांतल्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत मालेगाव होते. पद्धत बदलली तरी प्रश्न तोच राहिला. अपेक्षित होते त्याचा कितवा हिस्सा हाती आला, आणि तो हिस्सा कोण मोजणार?

१८/
आबा बोलले ते नातीने शब्द लिहिल्यावर.

“आबा, तुम्हाला येत होतं ना? मग सांगितलं का नाहीत?”

“येत होतं गं,” आबा म्हणाले. “तो शब्द आमच्या घरी फार वेळा बोलला गेलाय.”

१९७२ च्या दुष्काळाविषयी कोणाचेच दुमत नव्हते. त्या वर्षी सारे गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, आणि आबाही गेले; वय बावीस. त्यांच्या स्मरणात सलत राहिले ते नंतरचे एक वर्ष. पाऊस आला होता, पण वेळेवर आला नव्हता. बाजरी उभी दिसे, कणसात दाणा नव्हता. गावाचा अंदाज रेषेच्या किंचित वर लागला. बांधावर उभे राहून आबांच्या वडिलांनी ते ऐकून घेतले. देणे द्यावे लागले. त्यासाठी बैलजोडीतला एक बैल बाजारात गेला.

१९/
“मग निम्मी शेती तरी झाली असेल ना?” नातीने विचारले. तिचा हिशेब कोड्याच्या रीतीने चुकीचा नव्हता. जोडीचा निम्मा भाग विकला, निम्मा उरला.

आबा किंचित हसले. “अगं, एका बैलाने निम्मा नांगर चालत नाही. तो चालतच नाही. जोडीतला एक गेला की उरतो तो बैल, जोडी उरत नाही.”

त्या वर्षी वडिलांनी शेजाऱ्याशी सावड केली. त्याचाही एकच बैल उरला होता. दोघांचे बैल एका जुवाखाली आले. एक दिवस या शेतात, एक दिवस त्या शेतात. दोन घरांची मिळून एक जोडी झाली. पेरणी उशिरा झाली, पण झाली. पुढे त्या घराशी आबांच्या घराचा जो जिव्हाळा जुळला, तो आजही आहे. सणाला पहिले ताट अजून तिकडे जाते.

२०/
रुपया हा पदार्थच असा की त्याचे सोळा सारखे हिस्से होतात आणि ते जोडले की पुन्हा रुपया होतो. धान्य, सोने, सूत, वेळ यांचेही तसेच. बैलजोडीचे तसे नाही. घराचे नाही, विहिरीच्या पाण्याचे नाही, वर्षाच्या पिकाचेही नाही. चार आणे पीक म्हणजे कागदावर पाव. घरात ते बियाणे, देणे आणि चूल यांतील कशालाही न पुरणारे असते. जुन्या नोंदी वाचताना अपूर्णांक दिसला, की तो कशाचा हिस्सा आहे हे आधी विचारावे. चौथाईचा आकडा वाचताना उरलेल्या तीन हिश्शांवर ज्यांनी वर्ष काढले त्यांना आठवावे, आणि आणेवारी वाचताना न उतरलेल्या पिकाला.

नातीने ‘आसावरी’ खोडून ‘आणेवारी’ लिहिले. आबांनी पुरवणीची घडी घातली.

२१/
ज्यांना पेन्सिल हाती घ्यावीशी वाटते, त्यांच्यासाठी सहा संकेत. पहिल्या पाचांची उत्तरे या धाग्यातच आहेत.

१. तोळ्याचा बारावा भाग, पाण्याबाहेरचा (२)
२. महसुलाचा चौथा हिस्सा (३)
३. चौथाईचे शेकडा सहा (३)
४. अर्धे पीठ, पण दळायचे नव्हे (४)
५. चोवीस सेकंदांचा काळ (२)
६. तुमच्या घरातील थोरांच्या तोंडी असलेला, कोणत्याच कोष्टकात न सापडलेला एखादा मापाचा शब्द (घरे हवी तितकी)

सहाव्याचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे असेल. ते विचारून घ्यावे, आणि त्यामागची हकीकतही लिहून ठेवावी.